बदकांच्या शिकारीचा हंगाम: बंदी आणावी की नियम कडक करावेत?

पाणकणीस (धागाकर्ता)

बदकांच्या शिकारीचा विषय निघाला की बहुतेकांचं मत आधीच पक्कं झालेलं असतं: जीव घेणं वाईट, म्हणून बंदी घाला. बंदूक मीही हातात धरत नाही, धरणारही नाही. तरी उत्तर अमेरिकेत गेली शंभर वर्षं शिकारीचा हंगाम ज्या रीतीनं ठरवला जातो, ती रीत मोडू नये असं माझं ठाम मत आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथे बाजारात विकण्यासाठी बदकं मारली जायची. होडीवर बसवलेल्या अजस्र बंदुकीच्या एका बारात डझनावारी पक्षी पडत. 1916 मध्ये अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीनं) ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला आणि 1918 मध्ये त्याचा कायदा झाला. बाजारातली विक्री थांबली, विणीच्या तोंडावर होणारी वसंतातली शिकार थांबली. हंगाम 1 सप्टेंबर ते 10 मार्च या काळातच बसला पाहिजे आणि 107 दिवसांहून मोठा असता कामा नये, अशी चौकट पडली. पुढे 1930 च्या दशकातल्या दुष्काळात प्रेअरीवरची, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवरची, तळी आटली. तेव्हा 1934 मध्ये 'डक स्टँप' आला, म्हणजे शिकाऱ्यानं विकत घ्यायचं सरकारी तिकीट. पहिल्या स्टँपचं चित्र काढलं 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकारानं, आणि त्या वेळी वन्यजीव खात्याचा प्रमुखही तोच होता. किंमत 1 डॉलर. आज ती 25 डॉलर आहे. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, आणि त्यातल्या दर डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा किंवा त्यांच्या वापराचे हक्क विकत घेण्यासाठी जातात. या पैशातून आजवर 60 लाख एकरांच्या आसपास जमीन वाचली आहे.

मला सर्वांत भावतं ते मोजणीचं काम. 1955 पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दर मे महिन्यात अलास्कापासून कॅनडाच्या प्रेअरीपर्यंत आणि खाली डकोटापर्यंत छोटी विमानं ठरलेल्या रेषांवरून कमी उंचीवर उडतात. बदकं मोजतात, आणि त्याचबरोबर पाणी असलेली डबकीही मोजतात, कारण पुढची वीण त्या पाण्यावर ठरते. काही शिकारी मारलेल्या बदकाचा एक पंख टपालानं पाठवतात. तज्ज्ञ त्यावरून जात, नर-मादी आणि वय ओळखतात. जुन्यांच्या तुलनेत त्या वर्षीची पिल्लं किती, हे त्यातून कळतं. 1995 पासून या आकड्यांवरून हंगामाचा प्रकार ठरतो. मिसिसिपी नदीच्या बाजूच्या स्थलांतराच्या उड्डाणमार्गावर चांगल्या वर्षी 60 दिवस, मध्यम वर्षी 45, वाईट वर्षी 30.

2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 1970 पासून अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे 290 कोटी पक्षी कमी झाले. माळरानावरचे पक्षी निम्म्याहून खाली आले. पाणपक्षी मात्र 56 टक्क्यांनी वाढले. ज्यांची शिकार होते ते वाढले आणि ज्यांच्यावर कुणी गोळी झाडत नाही ते संपत चालले, हे बंदीची मागणी करणाऱ्यांनी मला समजावून सांगावं.

उत्तरवारा

समजावते. तुम्ही दोन गोष्टी एकाला एक जोडून टाकल्या आहेत. बदकं वाढली ती पाणथळी वाचल्या म्हणून. ज्यांच्या खिशातून पैसा आला त्यातले काही शिकारी होते, एवढ्यानं बंदूक ही संवर्धनाचं साधन ठरत नाही.

पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेत 1985 पासून शेतकऱ्यांना जमीन पडीक ठेवून तिच्यावर गवत वाढू देण्याबद्दल सरकार मोबदला देतं. तो पैसा करदात्यांचा. त्या गवतात घरटी टिकली आणि 1992 ते 2004 या काळात प्रेअरीवरच्या पाणी साठणाऱ्या खळग्यांच्या प्रदेशातून दरवर्षी सुमारे 20 लाख जादा बदकं उडाली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. ही वाढ शिकाऱ्यांच्या खात्यावर कशी टाकता?

आता ज्याबद्दल तुमच्या लेखात एक अक्षर नाही ते. छर्ऱ्याची बंदूक एकाच पक्ष्याला नेमकी लागत नाही, छर्रे पसरतात. बदक जखमी होऊन बोरूच्या बेटात शिरतं आणि तिथे मरतं. अमेरिकेच्या सरकारी हिशेबातही मेलेल्यांपैकी 20 टक्के हाती न लागलेले असतात, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे शिकाऱ्याच्या पिशवीत चार, तर पाण्यात एक. तो एक किती तास तडफडला, याची नोंद कुठल्याच पंखावर नसते.

आणि ओळखीचं काय? 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बॉक्स फ्लॅट या पाणथळीवर हंगाम सुरू होताच प्रचंड गोळीबार झाला. नंतर उचललेल्या मृत पक्ष्यांत ठिपकेवाली, संरक्षित फ्रेकल्ड डक शंभराहून अधिक होती. तिथल्या शिकाऱ्यांना पक्षी ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते, हे लक्षात घ्या. परीक्षा होती, नियम होता, परवाना होता. पक्षी तरीही मेले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं 1990 मध्ये, न्यू साउथ वेल्सनं 1995 मध्ये आणि क्वीन्सलंडनं 2005 मध्ये ही मौजेची शिकार बंद केली. तो रस्ता मला योग्य वाटतो.

तळ्याकाठी

मला या विषयातलं फारसं कळत नाही, म्हणून विचारतो. हिवाळ्यात बरीच बदकं तशीही मरतात असं ऐकलं आहे. मग शिकारीत मेलेली बदकं ही त्यातलीच धरायची का? की ती त्यांच्या वर आणखी? सगळा वाद इथेच अडलाय असं दिसतं.

बांधावरून

प्रश्न अगदी मर्मावर आहे. दोन्ही शक्यता आहेत आणि दोन्ही कधी ना कधी खऱ्या ठरतात.

1976 मध्ये अँडरसन आणि बर्नहॅम या अभ्यासकांनी पायात कडी घातलेल्या मॅलार्ड या जातीच्या बदकांच्या नोंदी तपासल्या. शिकार एका मर्यादेच्या आत असेल तर वर्षभरातली एकूण मर फारशी वाढत नाही, असं त्यांना दिसलं. पक्षी कमी झाले की उरलेल्यांना खाद्य आणि जागा जास्त मिळते, रोग कमी पसरतो. मर्यादा ओलांडली की मात्र मारलेलं प्रत्येक बदक वजाबाकीत जातं. आता ही मर्यादा नेमकी कुठे आहे? जातीप्रमाणे, वर्षाप्रमाणे बदलते. म्हणून तर दरवर्षी मोजायचं. पाणकणीस यांनी सांगितलेल्या पद्धतीची खरी ताकद इथे आहे: आपल्याला नेमकं उत्तर माहीत नाही हे ती मान्य करते, एकाहून अधिक अंदाज शेजारी शेजारी ठेवते आणि दर मे महिन्यात कुठला खरा निघाला ते पाहून त्याचं वजन वाढवते.

उत्तरवारा यांच्या मुद्द्यात मी एक भर घालतो, आणि ती त्यांच्या बाजूची आहे. शिसं. बदकं अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. तळाच्या चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही त्यांना खड्यांसारखेच वाटतात. पोटातल्या पेषणीत ते झिजतात, शिसं रक्तात उतरतं, पंख लुळे पडतात. एखाददुसरा छर्राही जीव घेऊ शकतो. अशी मेलेली-अर्धमेली बदकं खाऊन गरुडांनाही विषबाधा व्हायची. अमेरिकेनं पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं पूर्णपणे बंद केलं ते 1991 मध्ये, कॅनडानं 1999 मध्ये, आणि युरोपीय संघानं पाणथळींवर 2023 मध्ये. हा धोका किती दशकं माहीत होता ते पाहा: 1959 मध्ये बेलरोझ या अभ्यासकानं उत्तर अमेरिकेतली 2 ते 3 टक्के बदकं दरवर्षी शिशानं मरतात असा अंदाज छापला होता. म्हणजे बंदी यायला बत्तीस वर्षं लागली. शिशाऐवजी वापरायचे पोलादी छर्रे नीट मारत नाहीत असं म्हणत अनेक शिकाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. बंदीनंतर मिसिसिपी मार्गावर मॅलार्डचे शिशानं होणारे मृत्यू सुमारे 64 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. नियम कसा जीव वाचवतो आणि तो रोखून धरल्यावर किती जीव जातात, दोन्ही यात दिसतं.

उत्तरवारा

बांधावरून, आभार. आता दरवर्षी मोजून ठरवतो म्हणणाऱ्यांनी तलवार बदकाकडे पाहावं. शेपटीच्या लांब पिसांवरून ओळखू येणारा हा देखणा पक्षी 2023 च्या मोजणीत सुमारे 22 लाख भरला. दीर्घकालीन सरासरी 39 लाखांच्या घरात आहे. अलीकडची काही वर्षं माणशी दिवसाला एकच मारायची मुभा होती. 2025-26 च्या हंगामासाठी ती तीन केली! संख्या जवळपास निम्मी आणि मुभा तिप्पट. मोजणी करून जर निर्णय असा होणार असेल तर ती मोजणी कोणासाठी?

पाणकणीस

हा निर्णय मलाही पचायला जड गेला, पण त्यामागचं कारण मांडायला हवं. तलवार बदक बंदुकीनं घटलेलं नाही. त्याची मादी वसंतात फार लवकर घरटं करते आणि मागच्या पिकाची धसकटं उभी असलेल्या उघड्या शेतात अंडी घालते. मग नांगर फिरतो. इतर बदकं उशिरा, दाट गवतात बसतात म्हणून वाचतात. नव्या गणितात असं दिसलं की सध्याच्या पातळीवर शिकारीचा संख्येवर होणारा परिणाम आधी वाटत होता त्यापेक्षा कमी आहे. म्हणून काही हंगामांसाठी प्रायोगिक मुभा दिली आणि तिचा परिणाम तपासला जाणार आहे.

मुभा शून्यावर आणली तरी नांगर थांबत नाही. पैसा आणि ताकद लावायची तर शरद ऋतूत पेरल्या जाणाऱ्या गव्हावर लावा. त्या शेतात वसंतात नांगर फिरत नाही, घरटी वाचतात.

जखमी पक्ष्यांचा मुद्दा मात्र मी नाकारत नाही. त्यासाठी नेम बसेल इतक्या अंतरावरूनच बार काढणं, शिकवलेला कुत्रा बरोबर असणं आणि पडलेलं बदक शोधल्याशिवाय पुढचा बार न काढणं, हे सक्तीचं व्हायला हवं. बंदुकीत तीनच काडतुसं, हा नियम तर जुनाच आहे.

उत्तरवारा

गणितात अजून खात्री नसताना शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, एवढाच माझा सवाल आहे. तुम्ही तो शिकाऱ्याला देता. घरट्यावर नांगर फिरतोय म्हणूनच वाचलेल्या मादीवर बंदूक नको.

माळरान

बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांपुढे भरतपूरचं उदाहरण ठेवायला हवं, आणि ते दोन्ही बाजूंना टोचेल.

भरतपूरचं आजचं केवलादेव पक्षी उद्यान हे तिथल्या राजाचं शिकारीचं तळं होतं. अजान बांधाचं पाणी फिरवून दलदल राखली गेली ती बदकं यावीत आणि मारता यावीत म्हणून. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा कोरलेला आहे. पुढे शिकार थांबली, 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्याबरोबर गुरं चारायलाही बंदी आली. गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि झालं काय? म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी आक्रसलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासानं म्हशींची चराई त्या दलदलीला उपयोगी होती असंच दाखवलं. नंतर वरच्या धरणाच्या पाण्यावरून वाद पेटला आणि काही वर्षं तळीच कोरडी राहिली. एकही गोळी सुटत नव्हती, तरी बदकांना उतरायला पाणी नव्हतं.

शिकार बंद झाली याचा मला आनंदच आहे. पण बंदीचा कागद निघाला की काम संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथलं गवत आणि पाणी दोन्हींचा इतिहास वाचावा.

उत्तरवारा

माळरान, काम संपलं असं मी कधीच म्हणणार नाही. उलट भरतपूर माझ्याच बाजूनं बोलतं: तळं जगवायला पाणी लागतं, पाण्याला राजकीय बळ लागतं आणि ते सगळ्या समाजाकडून यायला हवं. ते बळ एका छंदावर सोपवलं की काय होतं, ते अमेरिकेतच दिसतंय. 1970 च्या दशकात वर्षाला 20 लाखांवर स्टँप विकले जात. आता शिकारीच कमी झालेत. त्यात 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सॅकेट खटल्यात संघराज्याच्या पाणी कायद्याचं छत्र बऱ्याच पाणथळींवरून काढून घेतलं. नदीला वा मोठ्या जलाशयाला पृष्ठभागावरून सलग न जोडलेली डबकी आता उघडी पडली आहेत. बदकांची पैदास तर अशाच सुट्या डबक्यांत होते. किती स्टँप विकून ती परत मिळवणार?

बांधावरून

सॅकेटबद्दल पूर्ण सहमत. प्रेअरीच्या खळग्यांना बसू शकणारा तो फार मोठा धक्का आहे. म्हणूनच आज आहेत ते पैसे देणारे हात दूर लोटायला मी तयार नाही. दुर्बीण घेऊन तळ्यावर जाणाऱ्यांनीही दरवर्षी स्टँप घ्यावा. कायद्यानं तो कुणालाही घेता येतो. पक्षीनिरीक्षकांचा वाटा शिकाऱ्यांपेक्षा मोठा झाला, तर हंगाम ठरवणाऱ्या टेबलावर त्यांचा आवाजही मोठा होईल.

तळ्याकाठी

व्हिक्टोरियात पुढे काय झालं ते शोधून पाहिलं. 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या समितीनं ही शिकार बंद करण्याची शिफारस केली. जानेवारी 2024 मध्ये सरकारनं ती नाकारली आणि कडक अटींसह हंगाम चालू ठेवला. पूर्व ऑस्ट्रेलियात 1983 पासून विमानातून पाणपक्ष्यांची मोजणी होते, तीत दीर्घकाळ घसरण दिसते. घसरण चालू असताना हंगाम उघडायचा, हे मला पटत नाही. अमेरिकेत मोजणी हंगामाला वेसण घालते, निदान प्रयत्न तरी करते. वाचून झाल्यावर माझं मत असं झालं: मोजणी सतत खाली जात असेल तर हंगाम आपोआप बंद, अशी कायद्यातच तरतूद हवी. मंत्र्याच्या मर्जीवर नको.

पाणकणीस

तळ्याकाठी, या तरतुदीला माझा पाठिंबा. आकडा आधी ठरवा, जाहीर करा, आणि त्याखाली गेलं की त्या जातीची शिकार थांबवा. पुरेसे वर आले की पुन्हा उघडा.

उत्तरवारा

"पुन्हा उघडा" इथे आपली फारकत होते. पण तो आकडा जाहीर होईपर्यंत तलवार बदकाची मुभा तीनवरून एकवर आणा, एवढी मागणी तुम्ही माझ्याबरोबर कराल का?

पाणकणीस

करीन. नांगराखालच्या घरट्यांसाठी तुम्हीही माझ्याबरोबर बोलणार असाल तर.