विषय: दिवाळी कार्यक्रमात व्हायोलिनला किती वेळ?

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांना नमस्कार. व्हायोलिनवादकांशी बोलणं झालं. ते शास्त्रीय, भावगीत, सिनेसंगीत, जॅझ असं सगळं वाजवतात. आपल्याकडे दीड तास आहे. प्रत्येक प्रकाराला थोडा थोडा वेळ दिला तर सगळेच खूश होतील, असं समितीचं मत. सूचना कळवाव्यात.

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

काका, नमस्कार. सुट्टीला घरी आलोय, इथूनच लिहितो. कळकळीची विनंती आहे, तुकडे पाडू नका.

कर्नाटक संगीतातले व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांचं बघा. मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, मग कॅलिफोर्नियात पाश्चात्त्य संगीताची पदव्युत्तर पदवी घेतली. 1984 साली स्तेफान ग्रापेली या फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादकाबरोबर ध्वनिमुद्रिका केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं झुबिन मेहतांच्या संचालनाखाली सुब्रमण्यम यांच्यासोबत सुब्रमण्यम यांचीच रचना वाजवली. 1988 साली 'सलाम बॉम्बे' चित्रपटाला संगीत दिलं. पण मैफलीत हा माणूस मांडी घालूनच बसतो. व्हायोलिनचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या पावलावर. त्यामुळं वाद्य सावरायचं काम डाव्या हाताला उरत नाही, बोट तारेवरून खालीवर मोकळं फिरतं आणि गमक, म्हणजे स्वराला दिलेला हेलकावा, गळ्यातून यावी तशी निघते. समोर सिम्फनी ऑर्केस्ट्रा असला तरी बैठक तीच. वडील व्ही. लक्ष्मीनारायण यांनी घेतलेली तालीम त्या बैठकीत आहे, आणि जॅझमध्ये ते जे करतात तेही तिथूनच येतं. ती तालीम आधी कानावर पडली नाही, तर पुढचं सगळं नुसती कसरत वाटेल.

आमचं गाव थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांचं. देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत एकच राग मन लावून ऐकणारी माणसं घरी बाबूजींच्या गाण्यांवर जीव टाकतात. बाबूजी म्हणजे सुधीर फडके इथलेच, 1919 सालचा जन्म. त्यांना गीतरामायणात साथ करणारे प्रभाकर जोग पुढं 'गाणारं व्हायोलिन' घेऊन आले. शब्द एकही नाही, तरी ओळ न् ओळ ऐकू येते! कुठं गज (तारांवर फिरवायची काठी) उलटायचा, कुठला स्वर दीर्घ ठेवायचा, कुठं श्वासाएवढं थांबायचं, हे त्यांनी गाणाऱ्याशेजारी बसून कमावलं होतं. भावगीत सोपं म्हणून मधे भरायला घेऊ नका, त्याला नीट वेळ द्या.

माझं म्हणणं: पहिला पाऊण तास एकच राग, तबला-तानपुऱ्यासह. मग भावगीतं. शेवटी जॅझ, तेही वादकांच्या मनाप्रमाणं.

प्रेषक: सभासद, बालविभाग

पटलं. पण पाऊण तास लहान मुलं बसणार नाहीत. त्यांना भावगीतांच्या वेळी आत आणते, तोवर शेजारच्या खोलीत किल्ला रंगवू.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

चांगली सोय आहे, वहिनी. वादकांना विचारलं, एक रागच आधी घ्यावा असं त्यांच्याही मनात होतं. ते खाली बसून वाजवतात, तेव्हा मंचावर खुर्ची नको, चौथरा आणि गादी हवी. कोणाकडे असेल तर शनिवारपर्यंत कळवा. जेवण मैफल संपल्यावरच वाढायचं, मधे ताटांचा आवाज नको.