डोक्याला मार लागल्यावर एकाचे दोन दिसणे

प्रश्न: दुचाकीवरून पडलेल्या रुग्णाला ३ आठवड्यांनंतरही जिना उतरताना पायऱ्या वर-खाली दोन-दोन दिसतात. सीटी स्कॅन नॉर्मल. चष्म्याने जाईल का?

उत्तर १: एकेक डोळा झाकून पाहा. कुठलाही झाकला तरी एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांची सांगड बिघडलीय. नुसत्या नंबराने भागणार नाही. खाली बघताना त्रास, मान एका खांद्याकडे कललेली असेल, तर संशय चौथ्या नसेवर (मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी चौथी, डोळा फिरवणारी). बारीक नस, मेंदूच्या मागून लांब वळसा घालून येते, म्हणून धक्क्यात सापडते. सीटीत बहुधा दिसत नाही.

उत्तर २: नस सावरेपर्यंत चष्म्याच्या काचेला चिकटवायचं प्रिझम (दोन प्रतिमा जुळवणारी पट्टी), नाहीतर एका काचेवर टेप. शस्त्रक्रियेआधी साधारण ६ महिने थांबतात.

उत्तर ३: एका डोळ्याची बाहुली मोठी, उलट्या, गुंगी? थेट इमर्जन्सी. सुरुवातीला न्यूरोसर्जनला न विचारता बाहुली मोठी करणारे थेंब घालू नयेत. धोक्याची खूणच झाकली जाते.