एकटं फिरा, माणसं जोडा आणि खालचा बर्थ सोडा

खडूस_प्रवासी
कालपासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. कोणी एक पोरगा नोकरी सोडून महिनाभर एकटा हिंडला, आधी स्पिती, मग खाली हंपी-गोकर्ण, आणि आता आपल्या सगळ्यांना सांगतोय की एकटे निघा, अनोळखी माणसांशी बोला, मी तीस दिवसांत तीस जिवलग मित्र जोडले, जो एकटा फिरला नाही तो जगलाच नाही. सकाळी वाचून सोडून दिलं होतं. पण दुपारी आमच्या मेहुण्याने तेच टाकलं, ज्याला दादरहून ठाण्याला जायचं तरी सोबत लागते, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मी सतरा वर्षं एकटा फिरतोय. साखर कारखान्यांच्या पंपांच्या सर्व्हिसिंगचं काम आहे, बेळगावपासून नंदुरबारपर्यंत. आमच्या घरी याला सोलो ट्रॅव्हल म्हणत नाहीत, टूरवर गेलेत म्हणतात. इतक्या वर्षांत किती लोकांशी बोललो त्याचा हिशोब नाही, शेवग्याच्या लागवडीपासून दुसऱ्याच्या घटस्फोटापर्यंत सगळं ऐकलंय. आणि मित्र किती झाले? शून्य. माणूस गाडीत मोकळा बोलतो ते समोरचा परत भेटणार नाही या भरवशावर. मनमाड आलं की पिशवी उचलतो आणि उतरतो, त्यातच मजा आहे. त्याला जिवलग कशाला म्हणायचं? माझे वडील आयसीयूत होते तेव्हा रात्री डबा घेऊन आला तो खालच्या मजल्यावरचा, ज्याच्याशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद होतं. तो मित्र. तीस दिवसांत तीस म्हणजे रतीब झाला.

रानवाटा
काका, तुम्हाला मित्र झाले नाहीत हा तुमचा स्वभाव, त्याचा नियम कशाला करता? आयडीतच खडूस लिहिलंय.

माझं सांगतो. ऑगस्टमध्ये एकटाच हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, खिरेश्वरकडून. टोलार खिंडीच्या वर धुकं एवढं की स्वतःचे बूट दिसेनात. वाट चुकलो, तासभर गोल गोल फिरलो, मोबाईलला रेंज नाही. वर झोपडीत जेवण बनवून देणारे एक दादा पाठीवर सिलेंडर घेऊन चालले होते, त्यांनी आवाज ऐकून हाक मारली. पिठलं-भाकरी खाल्ली, पाऊस थांबेना म्हणून दोन दिवस त्यांच्याकडेच राहिलो. आज नऊ वर्षं झाली. माझ्या लग्नाला पोतंभर तांदूळ घेऊन एसटीने पुण्यात आले होते. चार जणांचा ग्रुप असता तर दोनशे रुपये ताट देऊन आम्ही आपसातच खिदळत बसलो असतो, त्यांचं नावही कळलं नसतं. एकटा होतो म्हणूनच झालं हे.

मुक्कामपोस्ट
पावसाळ्यात एकट्याने ट्रेक हे कौतुकाने सांगू नका हो. तुमच्यासारख्यांना शोधायला रात्री बॅटऱ्या घेऊन गावातलीच पोरं जातात.

रानवाटा
मान्य. तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, अक्कल कमी होती. मुद्दा तो नव्हता.

मधला_बर्थ
मैत्री वगैरे राहू दे बाजूला, एकट्या माणसाची या देशात खरी अडचण वेगळीच आहे. ट्रेनमध्ये तुम्ही एकटे दिसलात की आख्खा डबा तुमच्याकडे हक्काने बघतो. "भाऊ, एकटेच आहात ना? मग तुम्ही तिकडे एस-७ मध्ये अप्पर घ्या ना, आम्ही फॅमिली आहोत." म्हणजे मी काय झाडाला लागलेलो आहे? मी पण बुकिंग उघडायच्या दिवशी सकाळी आठ वाजता बसून खालचा बर्थ काढलाय. आणि तो मागताना आधी दहा मिनिटं मैत्री करतात बघा. कुठले, काय करता, घ्या ना चिवडा. चिवडा आला की मी ओळखतो, बर्थ गेला. म्हणून मी हल्ली कोणाचं काही खातच नाही.

कैरीचं_पन्हं
तुमचे गुडघे शाबूत आहेत म्हणून बोलताय. माझं वय ६२, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मधल्या बर्थवर चढायचं म्हणजे हिमालय. तरुण मुलांनी स्वतःहून द्यायला नको? आमच्या वेळी मागावं लागत नव्हतं.

मधला_बर्थ
काकू, मी ४७ चा आहे, माझ्या दोन मणक्यांमध्ये गॅप आहे, ते कपाळावर लिहून फिरू का?

चार्टतयार
जरा नियम सांगतो, नुसती भांडणं चाललीत. खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे, पण तिकिटावर एकटे किंवा असे दोघंच असतील तर. आपले लोक काय करतात, आजी-आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळी एका तिकिटावर काढतात, त्यात तो कोटा लागू होत नाही, मग सिस्टीम देईल ते घ्यायचं आणि गाडीत येऊन लोकांच्या हातापाया पडायचं. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा ना! चान्स कितीतरी वाढतो. हे मी आमच्या सोसायटीत बोर्डावर लिहून लावलं होतं, कोणीतरी त्याच्यावर गणपतीच्या वर्गणीचा कागद चिकटवला.

कैरीचं_पन्हं
वेगळं तिकीट काढलं की वेगळा डबा येतो. मग नातवंडं सांभाळायला तुम्ही येणार का? आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून चालू केली नाही, त्यावर कोणी बोलत नाही. पूर्ण पैसे भरायचे आणि वर लटकायचं.

मधला_बर्थ
सवलत मी बंद केली का? माझ्यावर का काढताय? आणि एक राहिलंच, मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच टाकायचा असतो, हे साडेआठलाच टाकून झोपतात आणि खालचा बिचारा मान वाकडी करून बसतो. मागच्या वर्षी असाच एक...

खडूस_प्रवासी
अहो विषय काय चाललाय! बर्थसाठी वेगळा धागा काढा.

चार्टतयार
साईड लोअरवर आरएसी असेल तर दोघं दिवसरात्र अर्ध्या अर्ध्या सीटवर बसतात. जबरदस्तीची मैत्री तिथेच होते. पाय कुठे ठेवायचे यावर करार करावा लागतो. हे विषयाला धरून आहे 😀

बर्लिनचा_बंड्या
इकडे जर्मनीत ट्रेनमध्ये शांततेसाठी वेगळी जागा असते, तिथे फोनवर बोललं तरी लोक डोळे वटारतात. सहा तास समोरासमोर बसलो तरी कोणी "कुठले?" विचारत नाही. सुरुवातीला बरं वाटलं. नंतर एका डिसेंबरात शुक्रवार ते सोमवार तोंडातून शब्द निघाला नव्हता हे सोमवारी दुकानात घसा बसल्यावर कळलं.

मुक्कामपोस्ट
आले, परदेशातून आले. आता स्वच्छतेवर पण येऊ द्या.

शेंगदाणा_लाडू
तुम्हा पुरुषांचं बरं आहे, बर्थ गेला हे तुमचं दुःख. मी औषध कंपनीत आहे, महिन्यातले बारा दिवस एकटी बाहेर असते. "अनोळखी लोकांशी बोला" हे मला सांगणाऱ्याने एकदा माझ्याबरोबर रात्री साडेअकराला एखाद्या तालुक्याच्या स्टँडवर उतरून दाखवावं. मी बोलते, खूप बोलते, पण आधी निवड करून. कुटुंब बघून त्यांच्या शेजारी बसायचं, त्यातल्या आजीशी ओळख काढायची, मग ती आजी रात्रभर राखण करते, तिला सांगावं पण लागत नाही. एसटीत कंडक्टरच्या मागची सीट. नवरा नसताना नवऱ्याला फोन लावायचा, "हो, दहा मिनिटांत पोचते, तू स्टँडवरच ये." तो नवरा गेली सहा वर्षं स्टँडवर उभा आहे माझा.

त्या पोस्टवाल्यासारखा एक मित्र मलाही मिळाला होता एका हॉस्टेलात, छान गप्पा, बीचवर चहा, नंबर दिला. पुढे तीन महिने रोज रात्री "जेवलीस का?" ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून. त्याने त्याच्या पोस्टमध्ये मला पण जिवलगांत मोजलं असणार.

रानवाटा
हे वाईट झालं. पण ती आजी पण अनोळखीच ना? मग पोस्टवाला चुकीचं काय बोलला?

शेंगदाणा_लाडू
चुकीचं नाही बोलला, अर्धं बोलला. आणि एकट्या फिरणाऱ्या बायका बघायला स्पितीला कशाला जायला पाहिजे? मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून कुठल्याही लाल डब्यात चढून बघा. माझी मावशी जन्मात सांगलीबाहेर एकटी गेली नव्हती, आता तुळजापूर, अक्कलकोट, नरसोबाची वाडी, हातात एक पिशवी आणि निघाली. येताना दोन नव्या मैत्रिणी आणि त्यांच्याकडच्या लोणच्याची बरणी घेऊन येते. ती पोस्ट नाही टाकत.

खडूस_प्रवासी
हे मात्र पटलं. मावशींना नमस्कार. (पोस्टवाल्याला नाही.)

परभणीकडचा
सगळे "कुठले तुम्ही" पर्यंत येऊन थांबलेत, पुढचा प्रश्न कोणीच लिहीना. मी लिहितो. "आडनाव काय?" पहिलं नाव सांगितलं की समोरचा वाट बघत राहतो. "पूर्ण नाव?" मग गाव, मग गावातली गल्ली, मग "तिकडचे अमुक तुमच्यातलेच का?" माझं आडनाव कळल्यावर कोणी उठून जात नाही आता, तसं काही नाही. फक्त डबा उघडायचा असतो तो थोडा वेळ बंदच राहतो. कोकणातल्या एका होमस्टेत काकूंनी दुपारी स्वयंपाकघरात बसवून घावणे वाढले, संध्याकाळी रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहिलं, रात्रीचं जेवण ओटीवर आलं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. आता मी पहिल्या भेटीत शहराचं नाव सांगतो आणि हेडफोन लावतो. तुमचे तीस मित्र मोजताना हेही मोजा.

मुक्कामपोस्ट
झालं, जात आलीच. कशातही जात आणल्याशिवाय चैन पडत नाही का? रात्री ओटीवर वारा असतो म्हणून वाढलं असेल.

परभणीकडचा
असेल. दुपारीही वारा होता. मी आणली नाही साहेब, आडनाव त्यांनी विचारलं.

शेंगदाणा_लाडू
मुक्कामपोस्ट, एक माणूस स्वतःबरोबर झालेलं सांगतोय आणि तुम्ही त्याला हवामान शिकवताय?

मुक्कामपोस्ट
मी पण कोकणातलाच आहे, सगळ्या कोकणाला झोडपायची गरज नाही एवढंच म्हटलं. आमच्या घरी असं चालत नाही. बरं, चालत नव्हतं म्हणणार नाही. आजीच्या वेळी चालायचं.

नर्मदे_हर_६३
उशिरा लिहितोय, क्षमस्व. निवृत्तीनंतर पायी नर्मदा परिक्रमा केली, ओंकारेश्वरहून उचलली, एकट्याने. मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं, पात्र ओलांडायचं नाही. खिशात फारसे पैसे नव्हते, लागलेही नाहीत. गावाच्या वेशीवर "नर्मदे हर" म्हटलं की आतून आवाज येतो, "कितनी मूर्ति?" म्हणजे किती जण आहात. नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. एक मूर्ती, दोन मूर्ती. चहा होतो, सदावर्त म्हणजे कोरडा शिधा मिळतो, ओसरीवर झोपायचं, पहाटे निघायचं. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटत असत असं सगळे सांगतात, मला तिथल्याच लोकांनी मक्याची भाकरी दिली. माणूस चांगलाच आहे, आपण दार वाजवायला हवं.

परभणीकडचा
काका, आदर आहे. पण तुमच्या अंगावर पांढरे कपडे होते, हातात दंड-कमंडलू होता. भाकरी तुम्हाला नाही, मैयाच्या माणसाला दिली. तेच तुम्ही जीन्समध्ये गेला असतात तर?

नर्मदे_हर_६३
विचार करण्यासारखं बोललात. परतताना बडोद्याला जीन्स नाही पण शर्ट-पॅंट घातली होती. कोणी चहा विचारला नाही, हे खरं.

मधला_बर्थ
आणि परतीच्या गाडीत बर्थ कोणता होता?

लॉजमालक
आता सगळे शिव्या घालतील तरी लिहितो. देवस्थानाच्या गावात माझा छोटा लॉज आहे. आम्ही एकट्या माणसाला रूम देत नाही. वर रानवाटा वगैरेंना याचा अनुभव असेलच. कारण ऐका, एकटा माणूस येतो, सकाळी दार उघडत नाही, मग पोलीस, पंचनामा, नातेवाईक, महिनाभर चकरा. माझ्याकडे एकदा झालंय. त्या मुलाशी आदल्या रात्री मी पाच मिनिटं बोललो असतो तर, असं अजून वाटतं. रूम न देणं सोपं पडतं.

खडूस_प्रवासी
मी रात्री नऊ वाजता अशा चार लॉजवरून परत फिरलोय, "फक्त फॅमिली" ऐकून. शेवटी स्टँडवर बाकावर झोपलो, डोक्याखाली पान्यांची पिशवी. तुम्हाला शिव्या घालणार होतो, आता घालवत नाहीत. पण पुढच्या वेळी पाच मिनिटं बोलून रूम द्या ना राव.

लॉजमालक
बघतो.

रानवाटा
काका, विषयावर या. सतरा वर्षांत खरंच एकही नाही? खरं सांगा.

खडूस_प्रवासी
एक आहे. निफाडचा द्राक्षवाला. २०१४ ला एका रात्रीच्या गाडीत भेटला, दर दिवाळीला फोन करतो, द्राक्षांच्या वेळी पेटी पाठवतो. मी उचलतो फोन. मित्र नाही म्हणणार, ओळख.

रानवाटा
दरवर्षी पेटी. ओळख. बरं 😂

मधला_बर्थ
थांबा, ती ओळख झाली कशी? त्याने बर्थ मागितला असणार.

खडूस_प्रवासी
त्याने नाही. मीच मागितला होता. पाठ धरली होती माझी त्या दिवशी.

मधला_बर्थ
चिवडा दिला होतात का आधी?

खडूस_प्रवासी
शेंगदाण्याची चिक्की.