मदत हवी आहे: 'कोरोशी' हे हंगेरियन आडनाव नेमकं कुठल्या गावाचं?

टिपणवही: तिबेटी-इंग्रजी शब्दकोश रचणाऱ्या (कोलकाता, १८३४) हंगेरियन अभ्यासकावर टिपण लिहिते आहे. नाव कुठे 'कोरोशी चोमा शांदोर', कुठे 'चोमा द कोरोश' असं दिसतं. यातलं आडनाव कोणतं? आणि 'कोरोशी' आडनावाची बाकीची मंडळीही त्याच गावची समजायची का?

दूरदेशी: आडनाव चोमा, शांदोर हे स्वतःचं नाव. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं. 'कोरोशी' म्हणजे कोरोशचा. गावाच्या नावाला 'इ' जोडतात, आपल्याकडे 'कर' लावतात तसंच: सेगेदचा सेगेदी, देब्रेत्सेनचा देब्रेत्सेनी. फ्रेंच 'द' हे त्या 'इ'चंच रूप. त्यांचं कोरोश ट्रान्सिल्व्हेनियातलं, आज रोमानियाच्या कोवास्ना जिल्ह्यात. पुढे त्यांच्याच नावावरून ते चोमाकोरोश झालं. हंगेरियन सूचीत त्यांना 'कोरोशी चोमा' असं शोधा, नुसतं 'चोमा' टाकून सापडतीलच असं नाही.

अक्षरशोध: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मुळीच धरू नका. पेश्त परगण्यात नॉज्यकोरोश आहे, दक्षिणेला किशकोरोश आहे. ही नावं 'कोरिश' या झाडावरून (अ‍ॅशचा वृक्ष) आली आहेत. शिवाय पूर्वेला कोरोश नावाची नदी आहे. तिचं नाव वेगळं आणि खूप जुनं, लॅटिनमध्ये क्रिसियुस. आज रोमन लिपीत लिहिताना फरक दिसतो: गावाच्या पहिल्या 'ओ'वर दोन तिरक्या रेघा (दीर्घ), नदीच्या 'ओ'वर दोन टिंबं (ऱ्हस्व). पण जुन्या चर्चनोंदींत हा फरक पाळलेला नसतो आणि परदेशी टंकयंत्रांवर रेघांचं अक्षरच नव्हतं. म्हणून नुसत्या चिन्हावर निष्कर्ष काढू नका.

टिपणवही: मग एखाद्या घराण्याचं गाव ठरवायचं कसं?

अक्षरशोध: उलटीकडून चला. गावावरून नाव बहुधा गाव सोडल्यावरच पडतं. कोरोशमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच 'कोरोशी' म्हणून काय उपयोग? म्हणून आधी घराण्याची सर्वांत जुनी नोंद कुठली ते शोधा. सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून आहे, त्याआधी चर्चच्या वह्या, बऱ्याचदा लॅटिनमध्ये. मग घराण्याचा ख्रिस्ती पंथ पाहा: नॉज्यकोरोश मुख्यतः कॅल्व्हिनपंथी, तर किशकोरोशला १७१८ नंतर वसले ते लूथरपंथी स्लोव्हाक.

दूरदेशी: एक मोठी फसगत राहिली. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी आडनावं हंगेरियन करून घेतली. संख्याशास्त्रज्ञ योझेफ कोरोशी मूळचे हायदुश्का. १८८१ मध्ये या बदलाचं शुल्क ५ फोरिंटवरून ५० क्राय्त्सारवर (म्हणजे अर्ध्या फोरिंटवर) आलं आणि अर्ज वाढले. असं निवडलेलं नाव पूर्वजांच्या गावाचं असेलच असं नाही, तेव्हा नावबदलाची नोंद आधी तपासा. आणि शेवटी 'इ'ऐवजी जुन्या वळणाचा 'वाय' दिसला म्हणून घराणं सरदारी ठरवू नका. साध्या माणसांच्या नोंदींतही तो येतो.

टिपणवही: मोठी मदत झाली. टिपणात 'कोरोशी चोमा शांदोर' असंच ठेवते, आडनाव चोमा असल्याची तळटीप देऊन.