एकाच वेताला दोन बाप
'कुत्र्याची जात तोंडावरनं कळते, डीएनए टेस्टला पैसे कशाला घालवायचे' असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. आमच्या कागलच्या मळ्यातली कारवान (सडपातळ, लांब तोंडाची देशी शिकारी जात) कुत्री व्याली, तेव्हा पाचातली तीन पिल्लं आईसारखी सडपातळ आणि दोन आखूड तोंडाची, झुबकेदार शेपटीची. दाजी म्हणाले, विकणाऱ्यानं भेसळीची आईच गळ्यात मारली. पण माजावर असताना कुत्रीला दोन नर लागले, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात. आमच्याकडं कुंपण मोडकं, आणि गल्लीतला काळू काय वाटच बघत असतोय!

बाप ठरवायची टेस्ट जातीच्या टेस्टपेक्षा भरवशाची. डीएनएतल्या प्रत्येक खुणेची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते. आईकडून न आलेली प्रत नराकडंही नसेल, तीही बऱ्याच ठिकाणी, तर तो नर बाद. फक्त गालातला स्वॅब घेण्याआधी पिल्लू थोडा वेळ आईपासून वेगळं ठेवा, नाहीतर दुधाबरोबर तिच्याच पेशी येतात. जातीचं म्हणाल, तर लॅबच्या नमुन्यांच्या संग्रहात कारवान, पश्मी असल्या देशी जाती नसतील तर रिपोर्ट जवळचंच कुठलं तरी परदेशी नाव चिकटवणार.