मंगळावरचा बर्फ आणखी किती वेळा शोधायचा?

धूमकेतू:
'बर्फ कुठे आहे ते ठाऊक झाले आहे, आता सर्वेक्षणे पुरेत, माणूस पाठवा' अशी एक पोस्ट आज वाचली आणि राहवले नाही. २००८ साली मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाने ६८ अंश उत्तरेला काही सेंटिमीटर उकरताच पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत वाफ होऊन उडून गेले, हे खरेच. पण तिथे हिवाळ्यात सूर्य उगवत नाही. माणसाच्या उपयोगाचा बर्फ विषुववृत्ताच्या शक्य तितका जवळ हवा, आणि तिथलाच नकाशा अपुरा आहे.

खडकफोड्या:
धागाकर्ते २०२१ची उल्का सोयीस्करपणे विसरले. २४ डिसेंबरच्या आघाताने सुमारे १५० मीटरचे विवर पडले आणि ३५ अंशांवर बर्फाची ढेकळे बाहेर फेकली गेली. निसर्गाने फुकट खणून दिल्यावरही कक्षेतून रडारच फिरवत बसायचे काय?

धूमकेतू:
एका विवरावरून साठा ठरत नाही. बर्फ हुडकायला कक्षेतून केलेल्या न्यूट्रॉनच्या मोजणीला जेमतेम वरचा एक मीटर कळतो, शॅरॅड या कक्षेतल्या रडारला नेमके वरचे काही मीटर वेगळे दिसत नाहीत, आणि आपल्याला खणायचे आहे ते या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात.

कोरडी विहीर:
रडारचे कौतुक मला सांगू नका. यंत्राने पाणी दाखवले म्हणून मी एकदा ६० मीटर भोक पाडले आणि हाती लागली ती ओली चिकणमाती. २०१८ साली मार्सिस या कक्षेतल्या दुसऱ्या रडारच्या प्रतिध्वनीवरून मंगळाच्या दक्षिण ध्रुवाखाली दीड किलोमीटरवर सरोवर असल्याचे जाहीर झाले. पुढे तशी चमक चिकणमातीनेही येऊ शकते असे इतरांनी मांडले, तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही.

खडकफोड्या:
आपल्या विहिरीचे दुःख समजले, पण तो वाद द्रव पाण्याचा होता, बर्फाचा नव्हे. त्याच वर्षी आठ कड्यांवर उघडा पडलेला बर्फ कॅमेऱ्याने टिपला होता, हेही वाचले असते तर बरे झाले असते.

कोरडी विहीर:
ते कडे ५५ अंशांच्या आसपास आणि त्यापलीकडे आहेत, हे गाळून नुसता आठाचा आकडा फेकणे मला प्रामाणिक वाटत नाही. आणि खणण्याच्या गोष्टी करता, तर मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाचा 'मोल', म्हणजे जमिनीत ठोकत शिरणारा खिळा, ५ मीटर जायचा होता. मातीत पकडच न मिळाल्याने तो ४० सेंटिमीटरच्या आसपास अडकला आणि २०२१च्या जानेवारीत नाद सोडावा लागला.

धूमकेतू:
मूळ प्रश्न विहिरीत पडला आहे, एवढे नम्रपणे नोंदवतो.

खडकफोड्या:
बरे बाबा, खणणे सोपे नाही, हे मान्य. मात्र ती माती कशी आहे हे कक्षेतून कळले नाही, खाली उतरल्यावरच कळले, आणि मी पहिल्यापासून दुसरे काय म्हणत होतो?