मदत हवी आहे: परभणीच्या उन्हाळ्यात टिकेल असा गेमिंग लॅपटॉप कोणता घ्यावा आणि तो थंड कसा ठेवावा?

नमस्कार. माझे घर परभणीत आहे आणि मी नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. येत्या महिनाभरात गेमिंग लॅपटॉप घ्यायचा असून त्यासाठी घरून ९५ हजार रुपये मिळणार आहेत. त्यातले निम्मे यंदाच्या सोयाबीनचे आहेत, त्यामुळे निवड चुकली तर पुढची चार वर्षे तीच चूक वापरावी लागेल. डेस्कटॉप याच पैशांत अधिक ताकदीचा मिळतो हे मला मान्य आहे, परंतु दर शनिवारी घरी यावे लागत असल्याने तो पर्याय माझ्यासाठी नाही. दिवसा सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचे आराखडे काढण्याचा प्रोग्राम) आणि थोडे ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम), रात्री काउंटर-स्ट्राइक २ हा खेळ, असा माझा वापर राहील.

आधीच्या लॅपटॉपचा अनुभव सविस्तर सांगतो, कारण माझी खरी अडचण त्यातच आहे. थोरल्या भावाने घेतलेला तो जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप मी वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत वापरत असे. गेल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या खोलीत ४१ अंश तापमान होते. खेळ सुरू करून दहा मिनिटे होत नाहीत तोच प्रोसेसर ९७ अंशांवर जाई, त्याचा वेग निम्म्यावर येई, चित्र अडखळू लागे आणि डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर बोट ठेववत नसे. दुरुस्तीला दिला तेव्हा दुकानदाराने वरवर हवा मारून पैसे घेतले आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी मीच मागचे झाकण उघडले. आमच्या गल्लीच्या टोकाला जिनिंग आहे. पंखा आणि त्यापुढची धातूची बारीक जाळी यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा इतका घट्ट थर बसला होता की चिमट्याने धरून ओढल्यावर तो गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड बाहेर आला. तो काढून प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी नवी थर्मल पेस्ट लावल्यावर तेच तापमान ८८ अंशांवर आले.

आता माझ्यासमोर दोन लॅपटॉप आहेत. पहिल्यात आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, तो अंगाने सडपातळ, पावणेदोन किलोचा आहे आणि त्या कार्डाला कंपनीने ६५ वॅटपर्यंतच वीज घेण्याची मुभा दिली आहे. दुसऱ्यात आरटीएक्स ४०५० आहे, पण तो जाडजूड, अडीच किलोचा, ९५ वॅटचा आणि मागे व बाजूंना हवा सोडणारा आहे. दुकानदार पहिल्याचा आग्रह धरतात. माझ्या वाचनानुसार ही दोन्ही कार्डे ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही मर्यादेवर बसवता येतात, म्हणजे केवळ नावावरून काहीच ठरत नाही. मात्र ४०६० मध्ये ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे आणि ४०५० मध्ये ६ जीबी, आणि ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून मन द्विधा झाले आहे.

शिवाय कूलिंग पॅड घ्यावे का, आणि कूलरसमोर लॅपटॉप ठेवणे योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (लातूर)

मी अनेक वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. तुम्ही दुसरा, जाड लॅपटॉप घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो आणि तुमच्या ४१ अंशांच्या खोलीत ५९ अंशांचाच. म्हणजे तोच पंखा आणि तीच जाळी आपल्याकडे पाचव्या हिश्श्याने तरी कमी काम करते, आणि सडपातळ लॅपटॉपमध्ये मुळातच जाळी लहान असते. विद्यार्थ्याच्या सॉलिडवर्क्ससाठी ६ जीबी पुरते. ब्लेंडरमधील मोठी दृश्ये मात्र अडतील, ती तुकड्यांत करावी लागतील. त्यापेक्षा साधी रॅम पुढे वाढवता येईल अशी मोकळी जागा आत आहे का, ते आधी पाहा.

कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप कधीही ठेवू नका. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार बारीक तुषारांबरोबर आत जाऊन पंख्यावर आणि बोर्डावर बसतात. असे बोर्ड माझ्याकडे दर जूनमध्ये येतात आणि त्यातले काही वाचत नाहीत. कूलर खोली थंड करण्यासाठी लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल, आणि टेबल झोताच्या बाजूला घ्या.

कूलिंग पॅडचा खरा उपयोग लॅपटॉप उचलून धरण्याचा असतो. तेच काम मागच्या बाजूला दोन बोटे उंचीची लाकडी पट्टी करते, म्हणून आधी ती लावून पाहा. त्याहून मोठा फरक फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, मर्यादा ठरवल्याने पडतो: पडदा १४४ हर्ट्झचा असला तरी मे महिन्यात खेळ ६० किंवा ७५ फ्रेमवर बांधून ठेवा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरने आपोआप जादा वेग घेणे, बंद होतो. वेग थोडा जातो, पण तापमान पुष्कळ उतरते. बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकदम सोसत नाहीत, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. जिनिंगजवळ राहता, तर हंगाम संपल्यावर दर वर्षी पंखे साफ करून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. वरची पत्र्याची खोली सोडतो. खाली आजीची तीन खणांची माळवदाची खोली आहे, तिथे भर दुपारीही वरच्यापेक्षा बराच गारवा असतो; फक्त छतातून माती झरते. लॅपटॉप तिथे ठेवल्यास काही अपाय होईल का?

प्रतिसाद (लातूर)

तीच खोली घ्या. टेबलाच्या वर छताला आतून जुने धोतर किंवा साडी ताणून बांधा, पूर्वी घरोघरी बांधत तसे, आणि काम झाल्यावर लॅपटॉप झाकून ठेवा. चालू असताना मात्र कधीही झाकू नका, आणि गादीवर किंवा गोधडीवर ठेवून खेळू नका, कारण त्याची हवा खालूनच आत जाते. खरेदी केल्यावर पहिल्याच दिवशी, दुकानाची बदलून देण्याची मुदत चालू असताना, भर दुपारी फ्रेमची मर्यादा काढून अर्धा तास सलग खेळ चालवा आणि तापमान व वॅट दोन्ही एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तपासा. ९५ वॅट लिहिलेले कार्ड ७० वर अडकत असेल तर लॅपटॉप तिथल्या तिथे परत करा.

धागाकर्ता

शनिवारी अडीच किलोचाच आणतो. आईने जुने नऊवारी काढून ठेवले आहे. आकडे मोजून रविवारी इथेच लिहीन.